स्तंभाची उंची की मागणीचा मजकूर?

स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गच्या राजकीय हुतात्म्यांच्या स्तंभाचा फोटो साताऱ्यातल्या गोलबागेजवळच्या कट्ट्यावर सर्वांच्या हातून फिरला, तेव्हा आबांनी विचारली ती उंची. नव्वद फूट असे कळताच साताऱ्यात दोनशे फुटांचा उभारू, असे जाहीर करून ते मोकळे झाले. ‘मागच्या निवडणुकीत दिलेल्या पाच स्मारकांत हे धरायचे की निराळे?’ असे दत्ताने विचारल्यावर आबा उसळले, “त्या गोऱ्या कैद्यांशी आपला संबंध तरी काय?”

शिर्के सरांनी चष्मा पुसला. “आबा, थॉमस म्यूर आणि त्यांच्या चार साथीदारांना १७९३-९४ मध्ये शिक्षा झाली, ती पार्लमेंट सुधारा आणि सामान्यांना मत द्या, असे म्हटल्याबद्दल. ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या त्या पाचांतले एकटे मार्गारॉट ब्रिटनला परतले. म्यूर यांच्यावर माणसाच्या हक्कांवर लिहिणाऱ्या थॉमस पेनचे पुस्तक लोकांपर्यंत पोहोचवल्याचा आरोप होता, आणि त्याच पेनच्या विचारांचा संस्कार आपल्या कटगुणच्या घराण्यातल्या जोतीराव फुल्यांवर झाला. १८४४ मध्ये या स्तंभाची पायाभरणी करणारे खासदार जोसेफ ह्यूम यांनी तर आपल्या साताऱ्याच्या गादीवरून इंग्रजांनी दूर केलेल्या प्रतापसिंह महाराजांवरच्या अन्यायाचा प्रश्न पार्लमेंटात मांडला. त्या काळात महाराजांचे वकील, आपले रंगो बापूजी, लंडनमध्येच दाद मागत होते.”

“अर्ज करून राज्य मिळते होय? गेंडामाळावर तोफ ठेवा, तोफ!”

“तोफ सगळ्यांना ठाऊक आहे. १८५७ मध्ये तिथे इंग्रजांनी सतरा जणांना मारले, त्यात रंगो बापूजींचा मुलगाही होता. पण त्याआधी चौदा वर्षे बाप परक्या मुलखात काय मागत होता, हे आपल्या पोरांना विचारा. आपण मरण पाठ केले आणि मागणी विसरलो.”

दत्ताचा आक्षेप मात्र वजनदार होता: म्यूर मतासाठी लढले, रंगो बापूजी राजाच्या गादीसाठी, दोघांना एका रांगेत कसे बसवायचे? सरांनी तो फरक मान्य केला आणि त्याचसाठी स्तंभावर मागणीचा मजकूर हवा, असे सांगितले, कारण नुसती नावे कोरली की सगळे हुतात्मे एकसारखे दिसू लागतात. मला हे पूर्णपणे पटते. एडिनबर्गच्या दगडावर म्यूर यांचे न्यायालयातले शब्द आहेत, म्हणूनच तिथे थांबणाऱ्याला ती माणसे कशासाठी उभी राहिली, हे कळते.

आबांनी अखेर मजकुराला संमती दिली, मात्र उद्घाटकाच्या नावासाठी खाली हातभर जागा सोडावी, अशी अट घातली. “हातभर कशाला आबा, मागची पूर्ण बाजू घ्या,” असे सर म्हणाले आणि हसण्याच्या गदारोळात पुढचे कोणालाच ऐकू आले नाही.