अर्ध्या तासात ५०० कॅलरी? मीटर म्हणतंय म्हणून?

पावसाळा लागला की रंकाळ्यावरचं फिरणं बंद पडतं आणि हॉलच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायला ठेवलेली व्यायामाची सायकल परत कामाला लागते, आणि त्याच्या मागोमाग तो मेसेज पण परत फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर तोच, पाहुण्यांच्या ग्रुपवर तोच. मजकूर थोडक्यात असा: रोज अर्धा तास घरची सायकल मारा, ५०० कॅलरी जळतात, खोटं वाटत असेल तर मीटर बघा, घड्याळ पण तेच सांगतंय. चाक जड-हलकं करायचा नॉब लूज ठेवून जोरात मारा म्हणजे आकडा पटापट चढतो. पंखा बंद, अंगात जॅकेट, कारण घाम म्हणजे वितळलेली चरबी. महिन्यात ४ किलो कमी, ते पण पोटावरचे. आणि मग मिसळ बिनधास्त खावा. खाली हात जोडलेले.

सायकल मारू नका असं मी म्हणत नाही, मारा की, रोज मारा. पण यातला जवळजवळ एकही आकडा उभा राहत नाही.

आधी ते ५०० बघू. शरीर एक लिटर ऑक्सिजन वापरतं तेव्हा साधारण ५ कॅलरी खर्च होतात, म्हणजे अर्ध्या तासात ५०० जाळायच्या तर मिनिटाला ३.३ लिटरच्या पुढं ऑक्सिजन खेचायला पाहिजे. ७० किलोच्या माणसाला त्यासाठी पॅडलवर सलग अर्धा तास २६० ते २८० वॉट ताकद लावावी लागते. हे रेस मारणाऱ्या गड्याचं काम आहे, ऑफिसातून येऊन टीव्हीसमोर पॅडल मारणाऱ्याचं नव्हे. सवय नसलेल्या माणसाला १०० वॉट पण अर्धा तास टिकवणं सोपं नाही. आता १०० वॉटला किती जळतात? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सूत्र आहे, वॉटला १०.८ नं गुणा, वजनानं भागा, त्यात ७ मिळवा, की किलोमागं मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन लागतो ते येतं. ७० किलोला ते २२.४ येतं, म्हणजे अर्ध्या तासात साधारण २३५ कॅलरी. आणि त्यातल्या ३५ एक तर नुसतं सोफ्यावर बसला असता तरी जळल्याच असत्या. म्हणजे सायकलमुळं जळल्या त्या २००.

"मग मीटर काय खोटं बोलतंय व्हय?" खोटं नाही, त्याला बिचाऱ्याला माहितीच नसतं. साध्या घरगुती सायकलीत पॅडलच्या दांड्याजवळ एक छोटं चुंबक असतं आणि बॉडीला एक सेन्सर, चुंबक समोरून गेलं की एक फेरी मोजली, बास, एवढंच त्याला कळतं. नॉब फिरवला की आत केबल ओढली जाते आणि पट्टा नाहीतर चुंबक चाकाजवळ सरकतं, चाक जड होतं, पण ही बातमी मीटरपर्यंत पोचतच नाही, कारण त्या नॉबचा आणि मीटरचा वायरीनं काही संबंधच नसतो. मग मीटर करतं काय, तर फेऱ्यांना कंपनीनं ठरवून दिलेल्या एका आकड्यानं गुणून टाकतं. मार्केट यार्डात हमालानं किती खेपा मारल्या तेवढंच मोजायचं आणि पाठीवर गुळाची ढेप होती का रिकामं पोतं हे बघायचंच नाही, असला हिशोब. बऱ्याच मीटरमध्ये तर वजन टाकायची सोय पण नसते, म्हणजे घरातल्या आजीला आणि कॉलेजच्या पोराला सारख्याच फेऱ्यांचे सारखेच मार्क.

पटत नसेल तर घरीच करून बघा. नॉब एकदम लूज करून पाच मिनिटं एकाच लयीत मारा, आकडा लिहून ठेवा, मग नॉब जमेल तितका टाइट करून पाच मिनिटं त्याच लयीत मारा. पाय बोंब मारतील पण आकडा तेवढाच येईल. म्हणूनच "लूज ठेवून जोरात मारा" हा सल्ला मला सगळ्यात डेंजर वाटतो, कारण त्यानं आकडा खरंच पळतो आणि माणूस खूश होतो. कुठल्या व्यायामाला किती ऊर्जा लागते याचा जो तक्ता जगभर वापरतात त्यात ३० ते ५० वॉटच्या हलक्या सायकलिंगला ३.५ मेट दिलेत, म्हणजे नुसतं बसण्याच्या साडेतीन पट. ७० किलोला अर्ध्या तासाचे १२० च्या आसपास झाले. पंख्याच्या सायकलीत अजून वेगळी गंमत, तिथं हवेचा विरोध असतो, वेग दुप्पट केला की ताकद आठपट लागते, त्यामुळं नुसत्या फेऱ्या मोजणारं मीटर जोरात मारणाऱ्याला उलटं कमी पण दाखवू शकतं.

इथं कुणीतरी म्हणतंयच, आमच्या मीटरमध्ये वजन टाकता येतं, माझं ९० आहे, म्हणजे माझ्या जास्त जळणार. चालताना हे बरंच खरं आहे, आपलं ओझं आपणच वाहतो. पण सायकलवर ओझं सीटवर असतं, आणि ही सायकल कुठं पन्हाळ्याचा घाट चढत नाही. त्याच १०० वॉटला ७० किलोवाल्याच्या २३५ तर ९० किलोवाल्याच्या २५५ च्या आसपास, फरक वीसेक कॅलरींचा. तक्त्यातल्या मेटला सरळ वजनानं गुणलं तर हाच फरक ६५-७० दिसतो. मीटर असंच सरळ वजनानं गुणत असेल तर जाड माणसाला ते जास्तच खूश करतं.

तुमच्या सायकलीवर खरे वॉट दिसत असतील, म्हणजे ताकद मोजणारा सेन्सर असेल, तर हिशोब सोपा आहे. सरासरी वॉट गुणिले मिनिटं गुणिले ०.०६, झाले किलोज्यूल, आणि तेवढ्याच कॅलरी जळल्या असं धरून चाला. हे जुळतं कारण सायकल मारताना शरीर खर्चलेल्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्केच पॅडलवर उतरवतं, बाकीची उष्णता होऊन जाते, आणि आपण जिला कॅलरी म्हणतो ती, म्हणजे एक किलोकॅलरी, ४.१८ किलोज्यूलची, दोन्हीची काटाकाटी होते. १०० वॉटनं अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल, कॅलरी १७० ते २१५ च्या मध्ये कुठंतरी. मगाशी सूत्रानं २३५ आल्या होत्या, पण दोन्ही अंदाजच. याच्याहून बारीक आकडा तोंडाला मास्क लावून श्वास मोजल्याशिवाय मिळत नाही. वॉट दिसत नसतील तर मीटरचा आकडा कालच्या आपल्याच आकड्याशी ताडून बघायला ठेवा, नॉब त्याच खुणेवर ठेवून, शेजारच्यांशी नको.

घड्याळाचं सांगायचं तर २०१७ साली स्टॅनफर्डवाल्यांनी सात मनगटी घड्याळं तपासली, ६० लोकांना चालवून, पळवून, सायकल मारायला लावून. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळ पण सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हापासून घड्याळं सुधारली असतील, पण दोन अंदाज एकमेकांशी जुळले म्हणून दोन्ही खरे होत नाहीत.

आता घाम. हे कोल्हापुरात समजावून सांगायला लागावं याचंच नवल वाटतंय, तालमीत कुणालाही विचारा. वजनी गटात बसायला पैलवान जाड कपडे घालून घाम काढतात, काट्यावर उतरतात, आणि पाणी पिलं की गेलेलं वजन परत येतंय. ते पाणीच असतं. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगट ५० किलो गटात फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली, रात्रभर घाम काढून सुद्धा, हे सगळ्यांनी बघितलंय. घाम अंग थंड करायला येतो, आणि तो वाळला तरच थंड करतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवाच ओली, घाम वाळत नाही, नुसता टपकतो, त्यात पंखा बंद आणि वर जॅकेट म्हणजे चरबी आहे तिथंच राहणार आणि चक्कर तेवढी येणार. बीपीची गोळी चालू असलेल्या काका-मामांना हा मेसेज पाठवणाऱ्यांनी जरा विचार करावा.

महिन्यात ४ किलो? एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोजच्या २०० नं तीस दिवसांत ६,०००, म्हणजे पाऊण किलोच्या जरा वर, ते पण भूक वाढून चार घास जास्त गेले नाहीत तर. ४ किलोला रोज हजारभर लागतात. पोटावरचेच म्हणाल तर पायानं पॅडल मारल्यावर चरबी कुठली जायची ते शरीर ठरवतं, आपण नाही.

राहिली मिसळ. प्रत्येक हॉटेलची वेगळी, त्यामुळं अख्ख्या प्लेटचा एकच आकडा सांगणं फसवंच होईल. तेलाचा मात्र सांगता येतो, एक ग्रॅमला ९ कॅलरी, १५ मिलिच्या एका मोठ्या चमच्याला १२०. कटावर तरंगणारं तेल दोन चमचे धरलं तर १०० वॉटचा अख्खा अर्धा तास तिथंच गेला. फरसाण आणि ब्रेड मी अजून धरलेलाच नाही, आणि एक्स्ट्रा कट तर आपण मागवतोच.