बर्फ पडत नाही, गंज मात्र चढतो

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: "मुंबईत बर्फ पडतो का? मग कूलंटवर पैसे कशाला? आपलं पाणी तलावाचं, तेच रेडिएटरमध्ये ओता. काळजी वाटली तर आरओचं टाका. तसंही कूलंटपेक्षा पाणीच इंजिन जास्त थंड ठेवतं." प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तर तो इतका फिरतो.

बर्फाचं कबूल. पण कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, गोठण्यापासून वाचवणाऱ्या ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनंही असतात आणि मुंबईत कामाची तीच. अनेक गाड्यांत इंजिनचा ब्लॉक बिडाचा, त्यावरचं हेड आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे. असे वेगवेगळे धातू साध्या पाण्यात एकत्र बुडाले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं अ‍ॅल्युमिनियम. शिवाय रेडिएटरच्या १.१ बार दाबाच्या झाकणाखाली नुसतं पाणी साधारण १२१ अंशांना उकळतं, ग्लायकॉल आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण १२८ च्या आसपास. मे महिन्यात घोडबंदरला गाडी तासभर अडकली की हे सात अंश कामी येतात.

"पाणी तलावाचं." भातसा, तानसा, वैतरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात, हे खरं. पण निर्जंतुकीकरणाला क्लोरीन घालतात, त्यातून क्लोराइड उरतं. ते अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर फोडतं आणि रेडिएटरच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला, तर नळाला येणारं पाणी तलावाचंच असेल असं नाही. विहिरीचं किंवा बोअरचंही असू शकतं. त्यातला चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून सगळ्यात जास्त तापणाऱ्या जागी, हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती, थर धरतो. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा पापुद्रा तोच. कॉइल निदान काढून बघता येते.

आरओचं? बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या, बॅटरीत टाकतात ते. दुकानात 'बॅटरी वॉटर' मागा, चुकून ॲसिडची बाटली आणू नका. मात्र नुसतं डिस्टिल्डही चालणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्ल होतं, गंजरोधक तर त्यात नसतातच; बिडाच्या ब्लॉकात ते हळूहळू तपकिरी होतं.

पाणी जास्त उष्णता वाहून नेतं, हेही बरोबर. पण रेडिएटरचं माप ठरवतानाच मिश्रण धरलेलं असतं. मिश्रणावर गाडी तापत असेल तर आधी पंखा, थर्मोस्टॅट आणि झाकणाचं रबर तपासा.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: गाडीत पाणी भरलेलं असेल तर कूलंट कसं भरायचं. इंजिन पूर्ण गार करा, झाकण मगच उघडा. हीटरचा नॉब गरमवर ठेवा, जुनं पाणी सोडा, डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन थोडं चालवा, गार झाल्यावर पुन्हा सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. सगळं पाणी कधीच निघत नाही. समजा एकूण क्षमता ५ लिटर आणि बाहेर आलं ३. म्हणजे आत २ लिटर पाणी उरलंच. तिथे बाजारातलं तयार निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं तर ग्लायकॉल फक्त ३० टक्के होतं. निम्मं-निम्मं हवं असेल तर अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड. भरल्यावर हवा काढा, एक फेरी मारून गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

हिरवा, लाल, गुलाबी हा नुसता रंग आहे, प्रकार नव्हे. बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ ही कूलंटची मानकं शोधा, प्रकार मॅन्युअलशी ताडून घ्या. न जुळणारे दोन मिसळले तर चिकट साका होऊ शकतो. ग्लायकॉलचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर थेंबभर टाकून कळतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा गल्लीत नको. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.