६४१ सापडला कसा, तेही सांगायला हवं होतं
गणितज्ञ फर्माच्या संख्येवरचा तुमचा लेख आवडला. पण फर्माने मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी) मानलेल्या ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो हे गणितज्ञ युलरने १७३२ मध्ये दाखवलं, एवढंच सांगून तुम्ही पुढे गेलात. खरी गंमत तर तिथेच आहे! ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. तिच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या खेपेला काम फत्ते.

मी फोंड्यात शिकवणी घेतो. गेल्या पावसात वीज गेली तेव्हा मोबाईलच्या उजेडात नववीच्या मुलांना हे भागाकार करायला दिले. २५७ ने बाकी २, ५७७ ने २८८. ६४१ ला शून्य आलं तेव्हा एका मुलीने वही मिटलीच नाही, उलटा गुणाकार करून पाहिला: ६४१ × ६७,००,४१७. अंक न् अंक जुळला.

आणखी एक: ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ५ × १२८ + १ सुद्धा. या दोन रूपांवरून भागाकार न करताच सिद्धता मिळते. पुढच्या लेखात ती जरूर द्या, मुलं वाट बघतायत.