हातचा जॉर्डन कसा घालवावा

अभिनंदन! एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, एका संघाचे तुम्ही नवे जनरल मॅनेजर झालात. कोणता खेळाडू घ्यायचा हे आता तुम्ही ठरवणार. जून तोंडावर आलाय, ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) जवळ आलाय आणि निवडीत तुमची पाळी अगदी वर आहे. वरची पाळी हरणाऱ्यांना मिळते, म्हणजे मागच्या हंगामात तुमचा संघ सपाटून हरलाय. घाबरू नका. एकोणीस वर्षांच्या पोरात उद्याचा महान खेळाडू ओळखणं अवघड आहे, हे सगळेच मान्य करतात. त्याहून अवघड असतं ते तो समोर उभा असताना दुसऱ्याला घेणं आणि त्यानंतरही स्वतःची खुर्ची टिकवणं. या विद्येला चाळीस वर्षांची परंपरा आहे.

आद्यपीठ पोर्टलंड. साल 1984. ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवान घेतला, त्यावर कोणाची तक्रार नाही. दुसरी पाळी पोर्टलंडची आणि समोर मायकल जॉर्डन. पण जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर पोर्टलंडने आदल्याच वर्षी घेतला होता. त्यांना हवा होता सेंटर, उंच माणूस. म्हणून त्यांनी सॅम बोवी घेतला. सात फूट एक इंच उंची, आणि पायाच्या हाडापायी कॉलेजचे दोन हंगाम बाकावर काढलेले. तपासणीत नडगीवर हातोडी मारून 'दुखतंय का' असं विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला. दुखत होतं, हे त्याने पुढे कितीतरी वर्षांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला आणि त्याने सहा विजेतेपदं मिळवून दिली.

यातून हातोडीबद्दल काही शिकू नका. शिकायचा तो 'गरज' हा शब्द. 'आम्हाला सेंटरची गरज होती' हे वाक्य पाठ करा, कारण ते खोटं नसतं. संघाची गरज दोन वर्षांत बदलते आणि पोराचं करिअर पंधरा वर्षं चालतं, असलं गणित मांडणारा कोणी तुमच्या ऑफिसात असेल तर त्याला तिकीटविक्रीच्या विभागात पाठवा.

पोर्टलंडने 2007 साली पुन्हा केव्हिन ड्युरंटला सोडून ग्रेग ओडन घेतला. गुडघ्यांनी दगा दिला आणि ओडनचं एनबीए करिअर 105 सामन्यांत आटोपलं. पण न्यायाने सांगायचं तर त्या वर्षी बहुतेक संघांनी ओडनच घेतला असता, आणि खरा मंत्र हाच आहे. चुकायचं तर चारचौघांबरोबर चुका. सगळ्यांच्या यादीत जो वर आहे तो घेतला आणि तो फुकट गेला, तर त्याला दुर्दैव म्हणतात. यादीबाहेरचा घेतला आणि तो फुकट गेला, तर तुम्हाला मूर्ख म्हणतात. क्लीव्हलंडला हे कळलं नाही. त्यांनी 2013 साली पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटचं नाव घेतलं तेव्हा टीव्हीवरचे पंडितसुद्धा चाट पडले. चार हंगामांत बेनेट एनबीएबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत यानिस आंतेतोकुंपो शिल्लक होता. पण तो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळायचा. तिथे खेळाडू हेरायला स्काउट पाठवायचा म्हणजे विमानभाडं आलं.

तुम्हाला खरी उंची गाठायची असेल तर मिनेसोटाचा 2009 सालचा ड्राफ्ट रोज झोपण्यापूर्वी वाचत जा. एकच पाळी चुकली तर लोक नशीब म्हणतील, म्हणून इथे पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ दोन पाळ्या होत्या. पाचव्या क्रमांकावर त्यांनी रिकी रुबियो हा स्पेनचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाती ठेवून चाली रचणारा खेळाडू, घेतला. तो दोन वर्षं स्पेनमध्येच राहिला. सहाव्या क्रमांकावर जॉनी फ्लिन, तोही पॉइंट गार्ड. तो तीन हंगामांत संपला. मग सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने आणखी एक किडकिडीत पॉइंट गार्ड उचलला, त्याचं नाव स्टीफन करी. थांबा, अजून आहे. अठराव्या क्रमांकावर मिनेसोटाने टाय लॉसन घेतला, तोसुद्धा पॉइंट गार्ड, आणि लगेच डेन्व्हरला देऊन टाकला. एका रात्रीत, पहिल्या फेरीतच, तीन पॉइंट गार्ड निवडले आणि ज्याने पुढे चार विजेतेपदं जिंकली नेमका तोच वगळला. हे अनवधानाने होत नाही, याला एकाग्रता लागते.

आता आपल्याकडचा धागा. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा, आणि 2019 साली त्यांनी हा संघ वरळीच्या डोममध्ये खेळायलाही आणला होता. त्याच्या आदल्या वर्षी, 2018 साली, किंग्जची पाळी दुसरी होती. समोर लुका डॉन्चिच होता, एकोणीस वर्षांचा. रेआल माद्रिदबरोबर युरोलीग ही युरोपातली अव्वल क्लब स्पर्धा जिंकून त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. निवड व्लादे डिवाच यांच्या हाती होती, ते स्वतः सर्बियाचे. युरोपातलं बास्केटबॉल दुसऱ्या कोणी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. गंमत अशी की 1996 साली शार्लटने तेराव्या क्रमांकावर घेतलेला कोबी ब्रायंट लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन त्याच्या बदल्यात ज्या माणसाला मिळवलं, तो माणूस म्हणजे हेच डिवाच. ड्राफ्टच्या इतिहासात एकाच गृहस्थाच्या दोन्ही बाजूंनी एवढं मोठं नुकसान होणं, याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

थोर खेळाडूला थोर खेळाडू ओळखता येतो, असं तुमचे मालक म्हणतील. म्हणू द्या. 2001 साली वॉशिंग्टनने शाळेतून थेट आलेल्या क्वामे ब्राउनला पहिल्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा बास्केटबॉलचा कारभार खुद्द मायकल जॉर्डनकडे होता.

आता पाळी वर आणायची कशी ते पाहू. कायदा असा, की पहिल्या काही पाळ्या लॉटरीने ठरतात आणि जो जास्त हरला त्याला तिच्यात जास्त संधी. म्हाडाच्या सोडतीसाठी चांगल्या घरातला माणूस कमी उत्पन्नाचा दाखला काढतो, तसा इथे चांगला संघ कमी विजयांचा दाखला काढतो. फिलाडेल्फियाने तो फार निष्ठेने काढला. 2015-16 च्या हंगामात 82 पैकी 72 सामने हरून दाखवले. हा मार्ग आखणारे सॅम हिंकी यांनी तेरा पानी राजीनामा लिहून एप्रिलमध्ये निरोप घेतला आणि मे महिन्यात फिलाडेल्फियाला पहिला क्रमांक लागला! पुढच्या वर्षी त्यांच्याकडे तिसरा क्रमांक होता. तो आणि भविष्यातली आणखी एक निवड बोस्टनला देऊन त्यांनी पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झची निवड केली. तिसऱ्या क्रमांकावर बोस्टनने जेसन टेटम घेतला. 2024 साली बोस्टन विजेता झाला.

लीगने 2019 पासून नियम बदलून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकासाठी सारखीच, 14 टक्के संधी दिली. तरी हरायची हौस कमी झाली नाही. 2023-24 च्या हंगामात डेट्रॉइट सलग 28 सामने हरलं आणि लॉटरीत पाचवं आलं, म्हणजे तळाच्या संघाला जितकं खाली जाता येतं तितकं. पुढच्या वर्षी युटाचंही तेच झालं. आणि पहिला क्रमांक कोणाला लागला? अवघी 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसला, ज्यांनी तीनच महिन्यांपूर्वी तोच डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला होता. म्हणून हरताना मन लावून हरा, पण फळाची अपेक्षा ठेवू नका.

निवडलेल्या पोराचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तुमच्या कक्षेबाहेरचा आहे. सॅन अँटोनिओसारखे काही जुनाट लोक म्हणतात, की पोरगं घेतल्यावर त्याला शिकवावंही लागतं. त्यांनी मानू जिनोबिलीला 57 व्या क्रमांकावर घेऊन तीन वर्षं युरोपात पिकू दिलं आणि टोनी पार्करला 28 व्या क्रमांकावर घेऊन पहिल्याच हंगामात मैदानात उतरवलं. एकच प्रशिक्षक त्यांनी जवळपास तीस वर्षं ठेवला. (1997 साली लॉटरीत त्यांना टिम डंकन लागला होता, हेही कोणीतरी सांगायला हवं.) याउलट डेट्रॉइटने 2003 साली दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच घेतला, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड या तिघांना सोडून, आणि मग त्याला बाकावर बसवून ठेवला. संघ त्याच हंगामात विजेता ठरला, त्यामुळे अठरा वर्षांच्या पोराला खेळवायची उसंत कोणाला? डार्को आज सर्बियात सफरचंदं पिकवतो. त्याची निवड चुकली की त्याची निगा, हे कोणालाच कधी कळणार नाही, आणि यातच तुमच्या पेशाची सुरक्षितता आहे. फळ न देणाऱ्या झाडाबद्दल रोपवाटिकेला दोष द्यायचा की पाणी न घालणाऱ्याला, हे ठरेपर्यंत तुमचा करार संपलेला असतो.

एवढी काळजी घेऊनही कधीतरी हातून बरोबर निवड होऊन जाते. डेन्व्हरचं 2014 साली तसं झालं. दुसऱ्या फेरीत 41 व्या क्रमांकावर त्यांनी निकोला योकिच घेतला, तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती आणि त्याचं नाव खालच्या पट्टीत सरकून गेलं. योकिच सर्बियात झोपला होता. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 2023 साली त्याने डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. तुमच्यावर असा प्रसंग आलाच तर पत्रकार परिषदेत शांतपणे म्हणा, 'आम्हाला पहिल्या दिवसापासून खात्री होती.' त्यावर एखादा आगाऊ वार्ताहर विचारेल, की एवढी खात्री होती तर त्याच रात्री पहिल्या फेरीतून दुसऱ्याच दोघांना घरी का आणलंत? त्याला 'छान प्रश्न' म्हणा आणि पुढच्या हाताकडे बोट दाखवा.