ताई आत आहेत

"ताई आत आहेत! मेटफॉर्मिन नवीन आहे ना त्यांना!"

हे वाक्य गेल्या सोमवारी एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, निदान पंचवीस माणसांच्या देखत, माझ्याबद्दल उच्चारलं गेलं. आत म्हणजे डॉक्टरांच्या केबिनमध्ये नव्हे. मी दुसऱ्या आत होते. दार पातळ होतं, त्यामुळे शब्दन् शब्द मलाही ऐकू आला. दोन तास जिवापाड जपलेला माझा सतरावा नंबर त्या क्षणी अठराव्याला गेला.

प्रकरण साधं होतं. साखर वाढली, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली, पोट बिघडलं, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे. वाक्य उच्चारणारे काका माझे कोणी लागत नाहीत. फक्त शेजारच्या खुर्चीत होते.

काकांच्या मांडीवर शाळेच्या दप्तराएवढी फाइल होती. नमस्कार-चमत्कार नाही, थेट प्रश्न.

"तीन महिन्यांची सरासरी साखर किती?"

"७.१."

"गोळी?"

"मेटफॉर्मिन. पाचशे."

"सकाळ-संध्याकाळ?"

"नाही. एकदाच."

"फक्त?"

त्या 'फक्त'मध्ये इतकी कणव होती की मला ओशाळल्यासारखं झालं. पदवीदान समारंभात चुकून बालवाडीचं पोर येऊन बसावं, तसं काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी स्वतः बावीस वर्षांपूर्वी याच पाचशेपासून सुरुवात केली होती आणि पायरी-पायरीने चढत आता दिवसाला चार वेळा इन्सुलिनपर्यंत पोहोचले होते. सांगताना आवाजात निवृत्त मुख्याध्यापकाची तृप्ती.

"नावं पाठ करू नका, ताई. आडनाव बघायचं. शेवटी ग्लिप्टिन आलं की ते एक घराणं. फ्लोझिन आलं की दुसरं. ही फ्लोझिन मंडळी साखर लघवीवाटे सरळ बाहेर काढतात. मूळ पुरुष कोण, माहीत आहे? सफरचंदाच्या झाडाची साल! १८३५ साली त्यातून एक पदार्थ काढला, त्याचे हे वंशज."

"आणि ग्लिटाझोन?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"त्या घराण्याशी आमचं जमलं नाही. पाय सुजले."

मग ते सरड्यावर आले. गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा आहे, त्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून मधुमेहाचं इंजेक्शन तयार झालं आणि २००५ साली अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली. मी मनात म्हटलं, बास, आता काका सुटले. घरी येऊन शोधलं. खरं निघालं. सालही खरी, सरडाही खरा. त्या माणसाची औषधांबद्दलची एकही गोष्ट चुकीची निघू नये, याचा राग कुठे काढायचा?

माझ्या औषधाचा इतिहासही मला त्यांच्याकडूनच कळला. युरोपात गॅलेगा नावाची एक झुडुपवजा वनस्पती आहे. तिच्यातल्या द्रव्याने साखर उतरते, पण ती खाऊन मेंढ्या मरतात. त्याच द्रव्याच्या भाऊबंदांपैकी मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १९२२ मध्ये. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. ११ तारखेचं धड लागू पडलं नाही. औषध आणखी शुद्ध करून २३ तारखेला पुन्हा दिलं, आणि हाडांचा सापळा झालेलं ते पोर वाचलं. हे सांगताना काकांचा आवाज खरोखर ओला झाला होता, ते मी नाकारणार नाही. मग काय, सगळं जग इन्सुलिनच्या मागे. मेटफॉर्मिनचा नंबर लागला थेट १९५७ साली, जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने रुग्णांना देऊन बघितल्यावर. अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९४ ला. म्हणजे जी गोळी स्वतः एवढी वर्षं वेटिंग रूममध्ये बसून होती, तिनेच माझा नंबर घालवला. सूड म्हणायचा दुसरं काय.

"पोट बिघडलंय का?" काकांनी एकदम विचारलं.

मी खोटं बोलायला हवं होतं.

"उपाशीपोटी घेताय?"

अर्थात उपाशीपोटी! अकरा वर्षं मी थायरॉईडची गोळी घेते आहे. ती पक्की सोवळ्यातली. तिच्याआधी काही नाही, तिच्यानंतर अर्धा-एक तास काही नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांची तर चार तास सावलीही पडता कामा नये. अकरा वर्षांच्या या शिस्तीत वाढलेल्या बाईने नवी गोळीही पहाटेच्या पंक्तीला बसवली, तर तिचं काय चुकलं? तर म्हणे ही जेवणासोबत घ्यायची असते. हे सांगायला चिठ्ठी लिहिणाऱ्याला वेळ नव्हता. चिठ्ठीत त्याबद्दल एक रेघोटी होती, ती मी स्वल्पविराम समजले होते. बाहेर दोन तास आणि आत तीन मिनिटं. एवढ्या हिशोबात मला जे काही ज्ञान मिळालं ते शेजारच्या खुर्चीतून मिळालं, आणि त्याच खुर्चीने नंतर माझी दवंडी पिटली.

मी आतून बाहेर आले तेव्हा कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. पंचवीस माणसं एकाच वेळी बघत नसली की ते फार दिसतं.

काका तोवर समोरच्या बाकाकडे वळले होते. तिथे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईशेजारी बसली होती. तिने पोटाजवळचा फ्रॉक जरा बाजूला करून इन्सुलिनचं पेन टोचलं, मनात दहा मोजले, सुई काढली आणि पुन्हा आपल्या चित्रकलेच्या वहीत डोकं घातलं. पेन्सिलीला टोक करावं इतक्या सहज.

"एवढ्याशा पोरीला?" काका तिच्या आईला म्हणाले. "गोड फार देत होतात वाटतं?"

आईने उत्तर दिलं नाही. तिला हा प्रश्न नवीन नसावा. लहान मुलांना होणाऱ्या या मधुमेहात शरीराची स्वतःचीच यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोडाचा त्यात संबंध नाही. ज्या माणसाला टोरंटोच्या पोराची तारीखवार हकिकत पाठ आहे, त्याला समोरच्या पोरीबद्दल एवढं माहीत नसावं? आणि नेमकं तेवढंच तो खणखणीत आवाजात बोलावा?

मला थायरॉईड निघाला तेव्हा लोक म्हणाले, "होतं गं असं, गोळी घे." साखर निघाली तेव्हा म्हणाले, "काय काय खात होतीस?" दोन्ही ग्रंथींचेच घोळ. पण एक आजार, आणि दुसरा गुन्हा. मी त्या क्षणी काकांना हे सुनवायला हवं होतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि पोटात पुन्हा गुरगुरलं. मी गप्प बसले. ते अजून सलतं आहे.

अखेर तेविसाव्यानंतर मला आत घेतलं. डॉक्टरांनी गोळी बदलून एसआर दिली, म्हणजे हळूहळू विरघळणारी, पोटाला जरा सोसणारी. तीन मिनिटांत मी बाहेर. दारापर्यंत पोहोचले होते, तेवढ्यात मागून,

"ताई! एसआर दिली ना? कधीकधी टरफल तसंच्या तसं बाहेर पडतं हं! गोळी गेलेली असते पोटात, नुसतं टरफल असतं! दिसलं तर घाबरू नका!"

मुलीने वहीतून मान वर केली आणि खुदकन हसली. मी दार जरा जास्तच जोरात लावलं.

आज शुक्रवार. आज सकाळी दिसलं. आणि त्या क्षणी मला पहिली आठवण कोणाची आली असेल, तर त्या माणसाची. हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.