अकादमी बोले, सरकार हाले?

लातूर, बीड, परभणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. सार असा: ‘डॉक्टरांच्या अकादम्या, म्हणजे शास्त्रीय संघटना, ठरवतील तेच सरकारचं आरोग्य धोरण. म्हणून खासगीतली प्रत्येक जादा लस म्हणजे लूट. अकादम्यांना पोसतात कंपन्या. आणि बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, त्याही यांच्याच आशीर्वादानं.’ यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो इतका पसरला.

अकादमी ठरवेल तेच धोरण? मग गालगुंडाचं काय? बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स १९६३ सालची. तिच्या वेळापत्रकात गोवर, रुबेला आणि गालगुंड या तिन्हींची एकत्र लस आहे: नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांदरम्यान. सरकारी लस गोवर-रुबेलाची, दोनच डोस, नऊ ते बारा आणि सोळा ते चोवीस महिन्यांना. गालगुंड त्यात घ्या, असं अकादमी वर्षानुवर्षं सांगते आहे. सरकारनं ते अजून मनावर घेतलेलं नाही.

सरकारचा रस्ताच निराळा आहे. राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट २००१ पासून आहे. रोगाचा भार किती, लस किती वाचवते, खर्च किती हे तो तपासतो आणि शिफारस करतो. तीही शिफारसच, निर्णय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा. त्यानंतर लस टप्प्याटप्प्यानं येते. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि देशभर पोचायला २०२१ उजाडलं. अकादमीच्या वेळापत्रकात ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

एवढा उशीर का लागतो, हे गावातलं लसीकरण सत्र पाहिलं की कळतं. दवाखान्यातला डॉक्टर समोरच्या एका बाळाचा विचार करतो. सरकारला तीच लस जिल्हा भांडारातून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत दोन ते आठ अंशांत ठेवून, बर्फाच्या चार पॅकच्या डब्यातून अंगणवाडीपर्यंत न्यायची असते. बर्फाचे पॅक थोडे वितळू न देता तसेच कोंबले, तर पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस गोठते आणि निकामी होते. गोवर-रुबेलाच्या कुपीतली पूड एकदा द्रवात कालवली की चार तासांनी फेकावी लागते. पाच डोसची कुपी आणि तीनच बाळं आली, तर दोन डोस वाया. नवी लस म्हणजे यादीत नुसती एक ओळ वाढवणं नव्हे.

‘जादा लस म्हणजे लूट’ हा आरोप यातूनच जन्मतो. टायफॉइड, कावीळ अ, कांजिण्या, फ्लू या लसी अकादमीच्या यादीत आहेत, मराठवाड्यातल्या सरकारी यादीत नाहीत. उपयोग आहे, पण खर्च घराच्या खिशातून. पैसे बेताचे असतील तर आधी सरकारी वेळापत्रक पूर्ण करावं, जादाचं नंतर. लूट होते ती दुसरीकडे: उपकेंद्रात फुकट मिळणारी पेंटाव्हॅलंट, जुलाबावरची रोटा किंवा न्यूमोकोकल ‘सरकारी लस कमजोर असते’ असं सांगून विकली जाते तेव्हा. हे सांगणारा अकादमीच्या नावाआड लपत असेल, तर तो अकादमीचा दोष नाही.

पैशांच्या मुद्द्यात मात्र दम आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यांबाबत कायदा कडक: १९९२ चा कायदा २००३ मध्ये दुरुस्त झाला, आणि त्या कंपन्यांना डॉक्टरांच्या संघटनांची परिषददेखील पुरस्कृत करता येत नाही. औषध आणि लस कंपन्यांचं तसं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेतलं भेटवस्तूंबाबतचं कलम आधी संघटनांनाही लागू होतं. २०१६ च्या दुरुस्तीत त्यातून संघटना वगळल्या गेल्या. औषध कंपन्यांच्या २०२४ च्या विपणन संहितेत डॉक्टरांचा प्रवास आणि भेटवस्तू यांवर बंदी आहे, पण प्रशिक्षण कार्यक्रमांवरचा खर्च कंपनीला संकेतस्थळावर दाखवून करता येतो. मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाचे हितसंबंध त्या सूचनेच्या पहिल्या पानावर छापले जावेत, ही मागणी रास्त आहे. पैसा येतो म्हणून प्रत्येक शिफारस खोटी, हे मात्र त्यातून निघत नाही.

आता पिशवीचा मुद्दा. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कुठल्याही शास्त्रीय संघटनेच्या सूचनेत पांढरं जाण्यावर हे ऑपरेशन नाही. पांढरं जाणं अनेकदा नैसर्गिकच असतं, आणि जंतुसंसर्गानं होत असेल तर औषधांनी बरं होतं. जास्त रक्तस्रावातही आधी गोळ्या, मग गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची तांबी, आणि शेवटी शस्त्रक्रिया असा क्रम असतो. हा क्रम तोडायला लावणारी कारणं फडावरची होती: मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, पाळीत ना पाणी ना आडोसा, आणि कॅन्सरची घातलेली भीती. संघटना फार तर सभासदत्व काढू शकते. परवाना महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या हाती, रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली. म्हणूनच बीडमध्ये या ऑपरेशनाआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, आणि २०२३ मध्ये अनावश्यक पिशवी काढणं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं. नुसत्या सूचनेला दात नसतात. संघटना सर्वशक्तिमान असती तर हे सगळं करावंच लागलं नसतं.

कुणाला पिशवी काढायला सांगितलं असेल तर सोनोग्राफीचा अहवाल, गर्भाशयमुखाच्या तपासणीचा कागद आणि आजवर कोणतं औषध किती महिने दिलं याची चिठ्ठी मागून घ्यावी, आणि ते घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दुसरं मत घ्यावं. चाळिशीच्या आत अंडाशयं काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ती ठेवणार की काढणार, हे संमतीपत्रावर मराठीत लिहून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.