‘सहा हजारात नवा पीसी’ म्हणे!

चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय, म्हापशापासून मडगावपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना पाठवून झालाय. थोडक्यात तो असा: जुना डेस्कटॉप भंगारात घालू नका, सेकंडहॅन्ड ग्राफिक्स कार्ड बसवा, सहा हजारात नवा पीसी, पॉवर सप्लाय बदलायची गरज नाही, कन्व्हर्टर केबल मिळते, फक्त मायनिंगवालं (क्रिप्टो नाणी मिळवायला रात्रंदिवस चालवलेलं) कार्ड नको, जीबी जास्त तेवढं कार्ड भारी, आणि डिस्प्ले आला की पैसे देऊन मोकळे व्हा. भंगारात घालू नका एवढं मान्य. पुढचं बहुतेक सगळं गंडलेलं आहे.

पहिलं, कार्ड टाकलं की नवा पीसी. अरे पण करणार काय त्यावर? टॅली, जत्रेचे बॅनर, पोरांचे प्रोजेक्ट, यूट्यूब एवढंच असेल तर कार्डाला हातच लावू नका, अजून जुनी हार्ड डिस्क घरघरत असेल तर एसएसडी टाका आणि रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला तशीच दुसरी लावा, फरक तिथेच दिसतो. गेमिंग करायचं असेल तर मग प्रोसेसर बघा. उदाहरणार्थ इंटेलचा आय५-३४७० हा २०१२ सालचा, चार कोअर चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं, त्याच्यावर ताकदवान कार्ड बसवलं की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड निम्मं रिकामं बसलेलं, फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं त्याचा) आकडा कोपऱ्यात छान दिसतो पण गेम मधेच अडखळतो. त्याच बोर्डावर जुना आय७-३७७० बसतो, आठ थ्रेड मिळतात. चौथ्या पिढीचा बोर्ड असेल तर आय७-४७७०, ते सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, कुठलंही कार्ड घातलं तरी त्यात काही बदलत नाही.

आता ती कन्व्हर्टर केबल. ह्या मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ हीच, कारण बाकीच्यात फक्त पैसे जातात, हिच्यात वायर जळते. हिशोब सरळ आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यावर लागणारी वीज सप्लायच्या ६ पिनच्या वायरीतून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅटपर्यंत यायची असते. ही कन्व्हर्टर केबल लागते हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरला, त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. आणि ही केबल त्या ५४ वॅटच्या कनेक्टरला ८ पिनचं तोंड लावून विकतात! आरएक्स ५८० ह्या कार्डाचं रेटिंगच १८५ वॅट आहे. दोन दिवस चालेल, मग एखाद्या रात्री प्लास्टिक वितळल्याचा वास येईल.

कॅबिनेटबरोबर आलेल्या सप्लायवर मोठ्ठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं असतं, ते सोडा, बाजूचा स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असेल तर गुणाकार १९२ वॅट, एवढ्यातच प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं भागवायचं. ऑफिसातून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहेत, त्यातल्या ९०२० च्या टॉवरला २९० वॅटचा सप्लाय आणि बोर्डाला नेहमीच्या २४ ऐवजी ८ पिन, म्हणजे बाजारातला सप्लाय थेट लागतच नाही, मधे वेगळी केबल लागते. तेवढा खटाटोप नको असेल तर जीटीएक्स १६५० किंवा १०५० टीआय, ही ७५ वॅटची कार्डं, यांची बरीच मॉडेलं वेगळ्या वायरीशिवाय चालतात. छोट्या कॅबिनेटला बुटकं कार्ड लागतं, आधी मोजून बघा. आणि पावसात आपल्याकडे लाईट किती वेळा ये-जा करते ते काय मी सांगायला नको, त्यामुळे बजेटमधले पहिले पैसे चांगल्या सप्लायला, कार्ड नंतर.

मायनिंगवालं नको, हे अर्धं खरं. इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ लाच बंद झालं. बरेच मायनर व्होल्टेज कमी करून चालवायचे, चिप सहसा ठीक असते, झिजतात ते पंखे आणि सुकते ती चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट. खरी भानगड बायॉसची (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर), आरएक्स ५७० आणि ५८० मध्ये मेमरीचं टायमिंग बदललेलं बायॉस टाकून विकतात, गेममध्ये ठिपके दिसतात नाहीतर स्क्रीन काळी, मूळ बायॉस परत टाकलं तर पुष्कळदा सुटतं. मला विचाराल तर मायनिंगपेक्षा दमट कपाटात दोन पावसाळे काढलेल्या कार्डाची भीती जास्त. टॉर्च मारून एचडीएमआय पोर्ट, पट्टीचे स्क्रू, हीटसिंकच्या कडा बघा, गंज किंवा हिरवट-पांढरे डाग असतील तर नमस्कार करून निघा. कळंगुट-कोलव्याकडच्या घरातलं असेल तर दोनदा बघा, खारा वारा आतपर्यंत जातो.

जीबीचं, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचं, तर हसूच येतं. जीटी ७३० चार जीबीचं मिळतं आणि १०५० टीआय पण चार जीबीचं. पहिल्याच्या ६४ बिट डीडीआर३ वाल्याची मेमरी सेकंदाला १४.४ जीबी ओढते, दुसऱ्याची ११२. नवं म्हणजे चांगलं हेही नाही, आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ चं आहे पण बोर्डाशी बोलायला चारच लेन (वाटा) वापरतं, जुन्या बोर्डावर त्याचा वेग बराच घटतो.

राहिलं ‘डिस्प्ले आला की पैसे द्या’. डिस्प्ले तर खोट्या कार्डालाही येतो. जीटीएस ४५० ला १०५० टीआय म्हणून विकणारे आहेत, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं की नावापुढे फेक लिहून येतं. त्यातच बघा, आरएक्स ५८० मध्ये शेडर (चित्राचा हिशोब करणारे चिपमधले छोटे भाग) २३०४ हवेत, २०४८ दिसले तर ती नावापुरती ५८०, भाव ५७० चा द्यायचा. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) दहा-पंधरा मिनिटं, तापमान कुठे थांबतं ते बघा, पंख्याचा आवाज ऐका, प्रत्येक पोर्टला केबल लावून बघा. मुंबईहून रात्रीच्या स्लीपरने पार्सल मागवणार असाल तर हे सगळं सलग एका व्हिडिओत मागा, कार्डाचा सिरियल नंबर त्यातच दिसला पाहिजे, नाहीतर व्हिडिओ एका कार्डाचा आणि पार्सलमध्ये भलतंच.